बांधापलीकडचं ढेकूळ

शेवंताने काचेचे दोन ग्लास पाण्याने भरले आणि एकेकात एकेक ढेकूळ सोडलं. एक भावाच्या वावरातलं, दुसरं बांधापलीकडच्या तिच्या वावरातलं. नवरा गेल्यावर ती माहेरी राहायला आली होती आणि यंदापासून आपली जमीन आपणच कसणार होती. मातीची ही परीक्षा तिला कृषी सहायक बाईंनी शिकवली होती: कसदार मातीचं ढेकूळ पाण्यात टिकून राहतं.

रंगनाथ ओसरीवर चहाची बशी धरून बसला होता. बारा वर्षं बहिणीचं वावर त्यानेच कसलं होतं. दर भाऊबीजेला तिच्या ज्वारीचं पोतं न चुकता तिच्या दारात उतरवलं होतं.

त्याचं ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहिलं. तिचं मात्र बघता बघता विरघळलं आणि ग्लासात नुसता गाळ उरला.

"असू दे, दादा," ती म्हणाली. "तात्यांनी लेकीच्या वाट्याला हलकी जमीन लावली, त्यात तुझा काय दोष? तू होतास म्हणून एवढं तरी पिकलं."

रंगनाथने बशी खाली ठेवली. मुळात वावर एकच होतं. तात्यांनी मधोमध बांध घातला होता, अगदी दोरी लावून. गेलेल्या बापाला बोल लागला नसता, तर तो कदाचित याही वर्षी गप्पच बसला असता.

"जमीन सारखीच होती, शेवंते," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्यात मी नुसता युरिया टाकत आलो. शेणखताची गाडी बांधापलीकडे कधी नेलीच नाही."