पुजारीण, पायरी पहिली

मार्लिसनं "जादूगार, सोळा"च्या खाली "पुजारीण, एक" असं लिहिलं आणि कागद पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडे वेंडेलकडे सरकवला.

वेंडेलनं तो दोनदा वाचला. चुकून लिहिलंस का, म्हणून विचारलं. मार्लिस नाही म्हणाली आणि चीजचा तुकडा तोंडात टाकून शांतपणे चघळत बसली.

विस्कॉन्सिनमधल्या वेंडेलच्या तळघरात दर रविवारी दुपारी, चर्च आटोपलं की खेळाचे फासे पडायचे. वेंडेल आडोशामागे बसून गोष्ट सांगायचा, राक्षस चालवायचा. बाकीच्यांनी आपापला एकेक वीर सांभाळायचा. गुण साठले की वीर एक पायरी चढायचा. ती पायरी आपल्याच विद्येत चढायची की दुसरी विद्या पहिल्यापासून शिकायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सतराव्या पायरीवर जादूगाराला इच्छामंत्र मिळे. मग मागावं ते होतं. मेलेलाही उठतो.

मार्लिस ही वेंडेलची थोरली बहीण. नऊ वर्षं ती त्या सतराव्या पायरीकडे चढत होती.

"मार्लिसबाई, सोळा मजले चढलात आणि दार उघडायच्या वेळी शेजारणीकडे बसायला चाललात?" गॉर्डी म्हणाला. तो गावातला पोस्टमन. त्याचे वीर आजवर चारदा मेले होते, आणि चारही वेळा तो पुढच्या रविवारी नवा वीर घेऊन हजर झाला होता.

वेंडेल हसला नाही. त्याची नजर चौथ्या खुर्चीकडे गेली होती. ती त्याच्या मुलाची, अन्सेलची. तीन वर्षं रिकामी. समोर त्याचे निळे फासे तसेच मांडलेले. मार्लिस दर रविवारी ते फडक्यानं पुसायची. त्याचं नाव टेबलावर काढायचं नाही, हे कुणी न ठरवताच ठरलेलं.

अन्सेलचा वीर, सरदार, ज्या दुपारी पडला, ती दुपार वेंडेलच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. अजगराचा फासा वीसवर पडला, म्हणजे वार थेट जिवावर. आडोशामागे तो लपवता आला असता. पण नियम म्हणजे नियम, वेंडेलनं तो सगळ्यांना दाखवला. मग बापलेकांची जुंपली. फाशावरून निघालेलं भांडण भलतीकडेच गेलं आणि वेंडेल पोराला नको ते बोलून बसला. अन्सेलनं जाकीट उचललं आणि जिना चढला. बाहेर बर्फ नुसतं कोसळत होतं. गाडी सुरू झाल्याचं वेंडेलनं ऐकलं, आणि तरी तो जागचा उठला नाही.

तेवढं उठायला काय धाड भरली होती मला, हे तो रोज स्वतःला विचारायचा.

गोष्टीतल्या किल्ल्यात सरदाराचं प्रेत बर्फाच्या लादीवर ठेवलेलं होतं, मार्लिसच्या मंत्राची वाट बघत. गेलं वर्षभर वेंडेलनं गुणांची नुसती खैरात केली होती. उंदीर मारला तरी राक्षस मारल्याचे गुण. कारण सरदार उठला की त्याच्या तोंडून बोलणार कोण? गोष्ट सांगणाराच. कामावर जाताना गाडीत त्यानं सराव केला होता: पोराचं ते नाकातून हसणं, शब्द ओढत बोलणं. एकदाच, फक्त एकदाच तो आवाज या टेबलावर ऐकू यायला हवा होता.

आणि ही बया ऐन वेळी पुजारीण झाली.

त्यानं तिला आधी गोडीनं समजावलं. एवढी एक पायरी जादूची घे, मग हवं ते शीक. ती ऐकेना, तसा त्याचा आवाज चढला. पहिल्या पायरीच्या पुजारणीला येतं काय? जखमेवर फुंकर घालणं आणि दिवा लावणं.

"मेलेल्याला विचारता येतं," मार्लिस म्हणाली.

तिनं नियमांची वही ओढली आणि एकोणिसावा नियम काढला. अन्सेलनं चौदाव्या वर्षी हट्टानं घालायला लावलेला, त्याच्याच वाकड्या अक्षरातला. जादूगार मेलेल्याला न विचारता उठवू शकतो. पुजाऱ्यानं मात्र आधी विचारायचं. उत्तर ज्याचा वीर त्यानंच द्यायचं. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलायचं नाही.

वेंडेलला तो नियम पाठ होता. म्हणून तर जादूगार हवा होता.

"सिग्नलला तुझ्या गाडीशेजारीच माझी गाडी होती," मार्लिस म्हणाली. "काच खाली होती तुझी. त्याचा आवाज काढत होतास. मी मंत्र घातला असता, तू त्याच्यासारखा बोलला असतास आणि तेवढ्यावर समाधान मानलं असतंस. ते माझ्या हातून व्हायचं नाही, वेंडेल."

गॉर्डी खाली मान घालून फाशाशी चाळा करत राहिला.

आपल्याच बहिणीनं आपलं एवढंसं सुखही हिसकावलं, असं वेंडेलला वाटलं. "विचार मग," तो म्हणाला. "विचार त्या रिकाम्या खुर्चीला. बघू काय उत्तर येतं."

खेळाआधी सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात जायचे. आज मार्लिसनं आपला टाकला नव्हता. डॉक्टरांचा फोन यायचाय, म्हणाली होती. तोच तिनं आता मांडीवरून उचलला, निळ्या फाशांशेजारी ठेवला, नंबर दाबला आणि आवाज मोठा केला.

दोनदा रिंग वाजली. वेंडेलनं आडोसा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"बोल आत्या," पलीकडचा आवाज शब्द ओढत म्हणाला आणि नाकातून हसला. "बाबांनी अजून पुरलं नाही का मला?"