महत्त्वाचे तेवढे अडकतात

नरडाण्याच्या डाळमिलमधून ग्यानचंद शेठजींचा महिन्यातला चौथा फोन आला. “तनवीरभाई, साधे मेल सटासट जातात, महत्त्वाचे तेवढे अडकतात!”

इंटरनेट दुरुस्तीचं काम माझं, पण दर वेळी मी धुळ्याहून पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असायचं. आज मात्र शेजारच्याच कारखान्यात होतो, पाच मिनिटांत हजर झालो.

खरंच तीन मेल अडकले होते. एक व्यापाऱ्याला, एक ट्रान्सपोर्टवाल्याला आणि एक चक्क जावयाला. तिन्हींचा शेवट एकच: ‘यापुढे तोंड दाखवू नका.’

वायर धरून मागे मागे गेलो, तर ती कोपऱ्यात डाळ निवडत बसलेल्या शेठजींच्या आईपाशी, लाडकुंवर अक्कांपाशी पोचली. त्यांच्या खुर्चीमागे राउटर होता आणि त्याचं बटण बंद होतं.

“अक्का, हे तुम्ही?”

“हळू बोल. तो टाईप करताना बोटं आपटायला लागला, की मी हा डबा बंद करते. चहा पाजते. राग उतरला, की स्वतःच खोडतो. मग चालू करते.”

“माझ्या चार फेऱ्या झाल्या, अक्का!” मी दबक्या आवाजातच भडकलो. “आता चालू करतो आणि शेठजींनाही सांगतो.” मी बटणाला हात घातला.

तेवढ्यात समोरच्या टेबलावरून शेठजी गरजले, “या तनवीरला काही जमत नाही. त्याच्या साहेबालाच मेल टाकतो!” आणि बोटं आपटायला लागली.

मी बटणावरचा हात काढला.

“अक्का,” म्हटलं, “चहाचं बघा.”