चादर

सतरा वर्षांखालील मुलींच्या भारतीय फुटबॉल संघात मुळगावची गौरवी गोलरक्षक होती. सामना बघायला देवळाच्या मांडवात सगळा गाव लोटला. आले नाहीत ते फक्त तिचे आजोबा, बाबली.

शेजारचा श्रीनाथ त्यांना बोलवायला घरी आला. टीव्ही चालू होता, पण त्यावर चादर टाकलेली. त्याचं डोकंच फिरलं.

"काका, देशाची चेडवां खेळतत, त्यात तुमची नात! आणि तुमी टीव्ही झाकून बसलात? लाज नाय वाटत?"

"तुमी बघा रे," बाबली एवढंच म्हणाले.

सामना पेनल्टीवर गेला. गौरवीने दोन अडवल्याचं कानावर पडलं, तसा बाबलींचा धीर सुटला. शेवटच्या पेनल्टीला त्यांनी हळूच चादरीचं टोक उचललं. चेंडू गौरवीच्या हाताला चाटून जाळ्यात गेला.

गेल्या वर्षी देवळाच्या मांडवात सगळे टीव्हीवर सामना बघत असताना गौरवीने गोल खाल्ला, तेव्हा श्रीनाथच ओरडला होता, "काका, तुमी बघूक लागलात की ती हरता. उठा बघू!" सगळा मांडव हसला होता.

बाबलींनी चादर पुन्हा नीट ओढली.

"चुकलंय गे बाय," ते पुटपुटले, "माका रवला नाय. बघितलंय."