मिश्रीची थुंकी

आई गेली त्या जागेवर रीतीप्रमाणे पीठ पसरून वर पाटी झाकली. सकाळी पिठावर पुढच्या जन्माचं कसलंच पाऊल उमटलेलं नव्हतं. "सुटली माझी बहीन," छबूमावशी म्हणाली.

तेव्हापासून केडगावच्या आमच्या घरातल्या बेसिनमध्ये रोज ताजी, काळी मिश्रीची थुंकी असते. दातांना मिश्री फक्त आई लावायची. मी ती धुते. कुणाला सांगत नाही.

आज धाकट्या भावाने, करणने, पाहिलं.

"ही काय घाण, ताई?"

"आईची आहे."

"व्हय? मग दाखव पुरावा!"

तो हसला. त्याचे दात काळे होते. ओठातून मिश्रीची लाळ हनुवटीवर ओघळत होती. त्याला पत्ताच नव्हता.

"राहू दे," म्हणत मी ओढणीने त्याचं तोंड पुसलं.

लाळ थंडगार होती.