केळीवरचे ठिपके
कौतिकनाना असोद्याच्या आपल्या बागेत केळीची झाडं आडवी करत सुटले होते. "रोग शिरला! पानापानावर काये ठिपके पडले," म्हणत त्यांनी भरल्या घडाच्या झाडावर कोयता उगारला, तेव्हा बायकोने, मंजुळाबाईंनी, त्यांचा हात धरला. पान हिरवंगार होतं. काळा ठिपका एकाही पानावर नव्हता. नानांच्या मोठ्या भावालाही कापसात असेच काळे किडे दिसायचे. गाव हसायचं. पुढे तो आंधळा झाला. यावलची त्यांची आत्याही चाचपडतच गेली. नानांसकट ही सगळी जिथे लघवीला बसत, तिथे मुंग्या जमत. बाईंनी गाडी जुंपायला लावली आणि नानांना भुसावळच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने आरशाने कंदिलाचा उजेड डोळ्यांत पाडून बराच वेळ पाहिलं. बाईंनी मुंग्यांचंही सांगितलं. "ज्यांच्या लघवीतून साखर जाते, त्यांतल्या पुष्कळांचं असंच होतं," तो म्हणाला. "डोळ्याच्या आत रक्त झिरपतं. ठिपके तिथे आहेत, नाना, पानांवर नाहीत." गूळ आणि केळी बंद करा, एवढंच त्याला सांगता आलं, डोळ्यांवर औषध नव्हतं. परतताना गाडी बागेजवळ आली. आडवी पडलेली झाडं दिसली तशी त्यांनी मान फिरवली आणि बाईंकडे पाहिलं. "तुह्या गालाले काजय लागलं व?" गालाला काजळ लागलेलं नव्हतं. बाईंनी पदराने गाल घासून पुसला. "गेलं?" नाना निरखून पाहत राहिले. ठिपका तिथेच होता. "गेलं," ते म्हणाले.