गोळीतला कॅमेरा

"लावा पिक्चर, मॅडम! हिरो हजर आहे," म्हणत बापू ढमाले डॉक्टरीणबाईंसमोर ऐसपैस बसला. पोटात रक्त कुठून झिरपतंय ते शोधायला दवाखान्यातल्या संशोधनवाल्यांनी त्याला कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली होती. आतड्याचा कॅन्सर आहे की नाही, ते आज कळणार होतं.

पहिल्या फोटोत बापूची जीभच होती. गिळायच्या आधी त्यानं गोळीला वेडावून दाखवलं होतं. दुसऱ्या फोटोत त्याच्या पाठीमागं बायको दिसली, तोंडात पदर कोंबून रडणारी. त्याच्यासमोर तर ती सारखी हसायची. बापू खुर्चीत सावरून बसला.

"कॅन्सर नाही. जखम आहे, औषधानं भरेल," पुढचे फोटो सरकवत बाई म्हणाल्या.

बापूनं हात जोडले. "लई उपकार झाले, मॅडम. तेवढा बायकोचा फोटो..."

"पुसून टाकू?"

"छे हो! मोठा करून द्या. देवघरात लावतो."