डब्याची मागची बाजू

पान्हा भिंतीवर आपटला, खडखडत परत आला आणि थोरल्याच्याच पायाशी पडला. त्याने तो उचलला आणि पुन्हा फेकला. या खेपेला खिडकीची काच गेली.

"प्लेटा वाकड्या बसवल्यास तू!" तो धाकट्या भावावर ओरडला. "तीन वेळा क्लच उघडला, तिन्ही वेळा तुझ्याच हातांनी बंद झाला. आणि गाडी चढावर ढिम्म हलत नाही."

दोघे आत्ताच तिसऱ्यांदा चढावरून परत आले होते. गाडी दोघांनी मिळून या शेडमध्येच जोडलेली. पाइपांचा सांगाडा, फायबरचं अंग, दोन माणसांपुरती जागा आणि पोटात घरातल्या एकुलत्या एक मोटरसायकलचं इंजिन. सपाट रस्त्यावर ती गुमान धावायची. चढ आला की इंजिन नुसतं किंचाळायचं आणि चाकं मुंगीच्या पावलांनी जायची. क्लच घसरत होता. रविवारी चढणीची शर्यत होती आणि पहिला नंबर आपलाच, असं थोरला भेटेल त्याला सांगून बसला होता.

त्याने काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. केबलची ढील तपासली. स्प्रिंगा बदलल्या. प्लेटा काचेवर ठेवून सपाट आहेत का ते पाहिलं, मग त्याही नव्या आणल्या. दर वेळी इंजिनात नवंकोरं, भारीतलं ऑइल स्वतःच्या हाताने भरलं, कारण ते काम तो दुसऱ्या कुणावर सोडत नसे. आता खोट राहिली असेल तर ती फक्त भावातच. स्वतःची चूक शोधायची थोरल्याला सवय नव्हती. त्यासाठी त्याला धाकटा होता.

"दादा, एक मिनिट ऐक." धाकट्याच्या हातात ऑइलचा रिकामा डबा होता.

"तोंड बंद ठेव."

"अरे, पण या डब्यावर..."

थोरल्याने त्याच्या कानाखाली वाजवली. डबा मात्र धाकट्याच्या हातातून सुटला नाही.

दारात थोरल्याची बायको उभी होती. "अहो, सकाळपासून भाऊजी काहीतरी सांगतायत. ऐकून तर घ्या!"

"तू मध्ये पडू नकोस," म्हणत त्याने तिला ढकललं. तिचा खांदा फळीवर आदळला आणि नटबोल्टांचा ट्रे फरशीवर उपडा झाला.

धाकटा मध्ये आला. त्याने थोरल्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं.

"वहिनीला हात लावायचा नाही, दादा."

थोरल्याच्या दुसऱ्या हाताला टेबलावरचा सगळ्यात मोठा पान्हा लागला. आपल्याला खांद्यावरच मारायचं होतं, असं तो पुढे सगळ्यांना सांगणार होता. पान्हा जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला नीट ऐकू आला. धाकटा गुडघ्यांवर कोसळला आणि सांडलेल्या नटांमध्ये त्याचे दोन दात पडले. त्यानंतरही थोरल्याने त्याच्या बरगडीत दोन लाथा घातल्या. हे मात्र तो कुणालाच सांगणार नव्हता.

मग त्याला रक्त दिसलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

बायकोने फोन लावला. रुग्णवाहिकेला पाऊण तास लागणार होता. दवाखाना चढाच्या माथ्यावर, मोटरसायकलने पाच मिनिटांवर. पण मोटरसायकल आता कुठली! तिचं इंजिन समोरच्या गाडीत बसलेलं. थोरल्याने भावाला काखेत धरून गाडीत कोंबलं, जबड्याखाली टॉवेल दाबला आणि चावी फिरवली. धाकट्याच्या मुठीत अजून तो डबा होता. थोरल्याने तो काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण धाकट्याची बोटं उघडेनात.

सपाट रस्ता सरला. चढ लागला. इंजिनाने किंकाळी फोडली आणि गाडी मंदावत मंदावत जागच्या जागी थांबली. जळका वास सुटला. मागून पळत आलेल्या बायकोने दोन्ही तळवे गाडीला लावले आणि ती जीव खाऊन ढकलू लागली. गाडी तसूभरही पुढे गेली नाही.

"चल ना, भवाने!" थोरला स्टिअरिंगवर मुठी आपटत होता. टॉवेल लालभडक झाला होता. त्याला रडू फुटलं. "काय करू रे मी? काहीतरी बोल!"

धाकट्याच्या घशातून नुसता घरघरता आवाज आला. त्याने डबा वर उचलला. पुढच्या बाजूला चकचकीत मोटारीचं चित्र होतं. गाडीला चार चाकं, तेव्हा ऑइल मोटारीचंच हवं, असा थोरल्याचा हिशेब होता. धाकट्याने डबा उलटा फिरवला आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीखाली अंगठा टेकवला. अंगठ्याचं रक्त कागदावर पसरलं, तरी ओळ वाचता येत होती.

'मोटरसायकलच्या इंजिनात वापरू नये. क्लच घसरतो.'

थोरल्याने ती ओळ दोनदा वाचली. इंजिन मोटरसायकलचं. त्याचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला. आणि ते ऑइल तिन्ही वेळा त्याने स्वतः ओतलेलं.

त्याने चावी बंद केली. मागून बायकोची धाप ऐकू येत होती. ती अजून ढकलतच होती.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं तुला?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

धाकट्याने टॉवेल खाली घेतला आणि तोंड त्याच्याकडे वळवलं.